गाडी उभी कुठे करायची, हे ठरवणार कोण?

आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. जुन्या शहरातल्या वाड्यात त्यांची चौथी पिढी नांदते आहे. गेल्या महिन्यात औषधे घ्यायला म्हणून त्यांनी स्कूटर दुकानासमोर लावली आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहतात तो स्कूटर क्रेनवर चढलेली. दंड त्यांनी मुकाट्याने भरला. निवृत्त शिक्षक माणूस, दंडापेक्षा नियम मोडल्याची शरमच जास्त. पण पावती घेताना त्यांनी सहज विचारले, "इथे गाडी लावायची नाही, हा हुकूम नेमका कधीचा आहे?" उत्तर मिळाले की, बोर्डाचे आम्हांला ठाऊक नाही, दुसऱ्या कचेरीत विचारा. दुसऱ्या कचेरीत सांगण्यात आले की, काका, वाहतूक हा आमचा विषयच नाही, पहिल्या कचेरीत जा. दोन्हीकडे वागणूक सौजन्याची होती, हे मुद्दाम नमूद करतो. एका ठिकाणी तर चहासुद्धा विचारला. फक्त उत्तर कोणाकडेच नव्हते.

आम्ही कायद्याचे पदवीधर नाही, वाणिज्य शाखेचे आहोत. पण बँकेच्या काउंटरमागे वीसेक वर्षे काढली की एक सवय अंगी मुरते. कोणताही कागद हातात आला की, सही कोणाची आणि त्याला अधिकार किती, हे आधी पाहायचे. तीच सवय या प्रश्नाला लावून पाहिली.

१९९२ सालच्या ७४व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, जे राज्य सरकारने नगरपालिका व महापालिकांकडे सोपवावेत अशी अपेक्षा आहे. चौथा विषय रस्ते व पूल. सतरावा विषय सार्वजनिक सोयी, म्हणजे रस्त्यावरचे दिवे, बस थांबे, स्वच्छतागृहे आणि वाहनतळ. वाहनतळ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. परंतु अठराही विषय दोनदा वाचले तरी 'वाहतुकीचे नियमन' कुठे सापडत नाही.

ते सापडते १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात. कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारचा, किंवा सरकार ज्याला नेमेल त्याचा. बंदी एक महिन्याहून अधिक चालवायची असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. कलम ११६ मध्ये फलक लावण्याचा अधिकार आहे. कलम १२७ मध्ये क्रेन आहे. दहा तासांहून अधिक वेळ सोडून दिलेले किंवा 'कायदेशीर मनाई' असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलवण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. आमच्या शिक्षक सभासदांचा प्रश्न या 'कायदेशीर मनाई'वरच बोट ठेवणारा होता. ते त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

आपल्या वडोदऱ्यात ही मनाई बहुतेक वेळा पोलीस आयुक्तांच्या जाहेरनाम्याने होते. त्याचा आधार १९५१ च्या पोलीस कायद्याचे कलम ३३. हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. पुढे दोन राज्ये झाली आणि एकाच आईची दोन लेकरे वेगवेगळ्या नावांनी वाढली. पुण्याला सदाशिव पेठेत राहणाऱ्या आपल्या आतेभावाची गाडी ज्या कुळातल्या कायद्याने उचलली जाते, त्याच कुळातल्या कायद्याने दांडिया बाजारात आपली.

मग जमाखर्च असा उरतो. रस्ता महापालिकेचा, पदपथ महापालिकेचा, वाहनतळाची जागा आणि तिथला ठेकेदार महापालिकेचा. हुकूम, शिट्टी आणि क्रेन पोलिसांची. दंडाचा भाव ठरतो दिल्लीत. १ सप्टेंबर २०१९ पासून तो वाढला, आणि त्याच महिन्यात गुजरात सरकारने अनेक दंड खाली आणले, म्हणजे सूट मिळते गांधीनगरात. ज्या नगरसेवकाला आपण मत देतो, त्याच्या नावावर या वहीत एकही नोंद नाही असे वाटू लागते. त्याला विचारले तर तोही तेच सांगतो, आणि त्याला ते सोयीचेही आहे.

पण हे पूर्ण खरे नाही, आणि हा अग्रलेख त्यासाठीच आहे. त्याच मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ म्हणते की, वाहने कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतील हे ठरवताना त्या भागातल्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची आहे. सल्लामसलत म्हणजे निव्वळ फोन नव्हे. शिवाय महापालिकेचा स्वतःचा १९४९ चा कायदा आहे. तोही मूळचा मुंबई प्रांताचा, आता गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जाणारा. लोकांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होत असेल, तर सभेच्या मंजुरीने महापालिका आयुक्त एखाद्या सार्वजनिक रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतात, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे पेटी रिकामी नाही. किल्ली कोणी फिरवत नाही.

हे आपल्या लोकांनी मनावर का घ्यावे? दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव, घडियाळी पोळ या भागांत आपले वाडे उभे राहिले तेव्हा दारात फार तर टांगा यायचा. आज एका वाड्यात चार बिऱ्हाडे, सहा स्कूटर, दोन मोटारी. बाजाराच्या वेळी बाहेरच्या गाड्यांनी बोळाचे तोंड बंद होते. मागच्या पावसाळ्यात एका सभासदांच्या वडिलांना रात्री छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका चौकात येऊन थांबली, कारण आत यायला वाट नव्हती. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून चौकापर्यंत नेले. ते वाचले. दिवाळीनंतर मुलाने मांजलपूरला फ्लॅट घेतला आणि वाडा विकायला काढला. कारण विचारले तर त्याने पाण्याचे नाव घेतले नाही, शेजाऱ्यांचे नाही, भिंतींना गेलेल्या तड्यांचेही नाही. "गाडी दारात येत नाही," एवढेच म्हणाला. वाडा गेला की त्याच्या जागी दुकानांची इमारत येते. तिचे तळघर नकाशात वाहनतळ असते आणि प्रत्यक्षात गोदाम. मग रस्त्यावर आणखी गाड्या येतात आणि शेजारचा वाडा विकायला निघतो.

आपलेही हात फार स्वच्छ नाहीत. चौकातली जागा दुकानाला भाड्याने देऊन स्वतःची मोटार रस्त्यावर लावणारे आपल्यातच आहेत. ओट्यासमोर कुंड्या आणि साखळी लावून सरकारी रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखा अडवणारेही आहेत. गणेशोत्सवात मांडवासाठी आपण दहा दिवस रस्ता घेतो आणि तोही आपल्याला हक्काचा वाटतो. लारीवाल्यांच्या नावाने दबाण शाखेकडे अर्ज करण्यापूर्वी आरसा पाहिलेला बरा.

महाराष्ट्रात काय झाले तेही पाहावे. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण आणले. विरोध इतका झाला की ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते मंजूर करावे लागले. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या मोटारींना दहा हजार रुपये आणि त्याहूनही अधिक दंड जाहीर केला. एक धोरण कापून लहान केले, दुसरे आम्हांला अतिरेकी वाटते. तरीही पुण्यात निदान सभा भरली, नगरसेवकांनी लोकांच्या देखत बाजू घेतली, आणि मतदाराला कळले की कोण कुठे उभा होता. आपल्याला तेवढेच हवे आहे.

रस्ते रुंद करा, हा उपाय दर निवडणुकीत कोणीतरी काढतो. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीवर अहवाल दिला होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याच्या पद्धतीवर या गृहस्थाचा विश्वास नव्हता. वस्ती पायी फिरून पाहावी आणि शक्य तितके कमी पाडावे, असा त्याचा आग्रह असे. शंभर वर्षांनंतर त्याचे ऐकायला काय हरकत आहे?

आमचे म्हणणे साधे आहे. चार दरवाजांच्या आतल्या भागासाठी आणि लगतच्या पेठांसाठी महापालिकेने गल्लीवार आराखडा करावा. कुठे दुचाकी, कुठे काहीच नाही, कुठे फक्त रहिवाशांच्या गाड्या आणि रुग्णवाहिकेसाठी कोणते तोंड सदैव मोकळे, हे त्यात असावे. वॉर्डातल्या चारही नगरसेवकांनी तो रहिवाशांसमोर मांडावा, सभेत मंजूर व्हावा आणि मगच पोलीस आयुक्तांकडे जाहेरनाम्यासाठी जावा. फलकावर जाहेरनाम्याचा क्रमांक व तारीख छापावी. रंगाऱ्याला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, बाकी खर्च काही नाही. रहिवाशांच्या परवान्याला शुल्क असावे, हेही आम्ही म्हणतो. फुकट जागेचा हट्ट धरला तर आपले कोणी ऐकणार नाही.

आणि पावत्या. पैसे घेऊन गाडी लावू देणाऱ्या एका जागी आम्हांला जी पावती मिळाली, तिच्यावर क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, वेळ नव्हती. आमच्या काउंटरवर असा एक कागद सापडला असता तर ऑडिटरने आमची दिवाळी बिघडवली असती.

मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवल्याप्रमाणे माहिती अधिकार कायदा २००५ खाली दोन अर्ज करायचे आहेत. एक पोलिसांकडे, आपल्या भागातल्या प्रत्येक मनाईच्या जाहेरनाम्याची प्रत मागणारा. दुसरा महापालिकेकडे, त्या प्रत्येक वेळी सल्लामसलतीत तिने काय कळवले त्या पत्रांच्या आणि वाहनतळांच्या ठेक्यांच्या प्रती मागणारा. शुल्क प्रत्येकी वीस रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पत्रे नसतील तर 'नाहीत' असे लेखी येऊ द्या, त्या उत्तराचाही उपयोग आहे.

अर्जाचा गुजराती मसुदा, आणि समजायला मराठी प्रत, मंडळाच्या कचेरीत ठेवली आहे. आपल्या गल्लीचे नाव त्यात घालायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात यावे. शक्यतो चालत यावे, कचेरीसमोर गाडी लावायला जागा नाही.