रिकाम्या डब्याला कुलूप कशाला?

नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संगणकखरेदीत एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. थिन क्लायंट घ्या, सुरक्षेची काळजी मिटली! काउंटरवरच्या त्या छोट्या डब्यात असतेच काय? सगळे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. डबा फक्त पडद्यावर चित्र दाखवतो आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली पाठवतो. शिवाय त्यात राइट फिल्टर असतो. वापरणाऱ्याने काहीही घोळ घातला तरी बंद करून पुन्हा सुरू केला की यंत्र कोरे करकरीत. मग प्रत्येक डब्यावर सुरक्षा धोरणे लावायची, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यायचे, ते पाहायला माणूस ठेवायचा, हा खर्च कशासाठी?

युक्तिवाद सुटसुटीत आहे, म्हणून संचालक मंडळाला तो चटकन पटतो. त्यात तथ्यही आहे. डबा चोरीला गेला तरी खातेदारांची माहिती त्याच्याबरोबर जात नाही. शाखाशाखांतले पूर्ण पीसी सांभाळण्यापेक्षा हे काम निश्चित हलके. पण डब्यात माहिती नाही, एवढ्यावरून डब्यामुळे धोका नाही असे अनुमान निघत नाही. माहितीपर्यंत नेणे हेच तर त्याचे काम. बायोसला पासवर्ड नसेल आणि पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू होत असेल, तर काउंटरमागे पाच मिनिटे मिळालेला कोणीही त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बँकेच्या नेटवर्कच्या आत उभा राहतो. डबा रिकामा होता, हे तेव्हा उपयोगाचे नसते.

आता राइट फिल्टरकडे वळू, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. विंडोजवर चालणाऱ्या थिन क्लायंटमध्ये हा फिल्टर सगळे बदल तात्पुरत्या थरात, बहुधा रॅममध्ये, धरून ठेवतो आणि रीस्टार्ट होताच पुसून टाकतो. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. फिल्टर विष विसरतो तसा औषधही विसरतो. फिल्टर चालू असताना बसवलेला सुरक्षा पॅच रीस्टार्टनंतर नाहीसा होतो. बदललेले धोरणही तसेच. विंडोज डोमेनमधले यंत्र आपला खाते-पासवर्ड सर्वसाधारणपणे दर ३० दिवसांनी स्वतःच बदलते. अपवादाची सोय करून ठेवली नसेल तर तो बदलही पुसला जातो, डोमेनशी असलेले नाते तुटते आणि एका सकाळी लॉगिनच होत नाही. तेव्हा वैतागलेला तंत्रज्ञ काय करतो? फिल्टर कायमचा बंद करून मोकळा होतो.

आणि विषाचे तरी काय? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर किडा पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. नेटवर्कमधून आपोआप पसरणाऱ्या अशा किड्याने बाधित झालेले, पॅच न लावलेले यंत्र फिल्टर असताना रीस्टार्ट केले तर ते स्वच्छ होते, हे खरे. पण शेजारचे बाधित यंत्र नेटवर्कवर असेल तर काही क्षणांत पुन्हा बाधित होते. इलाज पॅचचाच. तो लावायचा तर फिल्टर उठवणे, अद्ययावत करणे आणि पुन्हा बसवणे, हा क्रम ठरलेल्या रात्री, सगळ्या डब्यांवर, मध्यवर्ती ठिकाणाहून चालवावा लागतो. विंडोजच्या नव्या फिल्टरमध्ये त्यासाठी सर्व्हिसिंग मोड दिलेला आहे. तो वापरायचा तर कोणीतरी धोरण ठरवलेले असायला हवे.

“आमच्याकडे विंडोज नाहीच,” असे काही जण म्हणतील. त्यांनी थिन क्लायंटसाठीच्या डेलच्या वाईज थिनओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये सायबरएमडीएक्स या कंपनीच्या संशोधकांनी त्यातल्या दोन त्रुटी उघड केल्या. दोन्हींची तीव्रता दहापैकी दहा. ८.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही यंत्रे आपली सेटिंग एफटीपी सर्व्हरवरच्या फाइलमधून घेऊ शकत, आणि त्या सर्व्हरला मूळ रचनेत पासवर्डच नसे. नेटवर्कवर पोहोचलेला कोणीही ती फाइल वाचू शकत होता, बदलूही शकत होता. इथे डब्यात काही साठवलेले असण्याची गरजच नव्हती. धोरण ज्या वाटेने येते ती वाटच उघडी होती. डेलने सुधारित आवृत्ती दिली आणि एफटीपी सोडून एचटीटीपीएस वापरायला सांगितले. धोरण असणे पुरेसे नाही, ते पोहोचवणारी वाहिनीही बंदिस्त हवी, हे मी यातून घेतो.

उरला सर्व्हर. सगळे तिथेच आहे म्हणता, तर मग नियमही तिथे हवेत. डब्याचा यूएसबी पोर्ट बंद केला, पण सर्व्हरवरच्या सत्रात क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह जोडण्याची मुभा तशीच राहिली, तर घरून जोडलेल्या लॅपटॉपवर खातेदारांची यादी सहज उतरते. शाखाधिकाऱ्यासाठी त्याच्या यंत्रावर एक नियम आणि सर्व्हरवरच्या सत्रात दुसरा, असे हवे असेल तर विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत लूपबॅक नावाची सोय त्यासाठीच आहे. मध्यवर्ती जागा का जपावी, याचे उदाहरण पाहा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याचा थिन क्लायंटशी संबंध नव्हता. पण ते पैसे शाखेच्या काउंटरवरून गेले नाहीत. त्यातले बहुतेक एटीएम व्यवहारांच्या मध्यवर्ती यंत्रणेला बगल देऊन गेले. सगळे एका जागी आणले की त्या जागेवरचा पहारा वाढवावा लागतो.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांचे म्हणणे, सगळेच बंद करा! हे कागदावर शोभते. पासबुक प्रिंटर, चेक स्कॅनर, आधारसाठी बोटांचा ठसा घेणारे यंत्र, सगळी यूएसबीवरच. सरसकट बंदी घातली की पहिल्याच सोमवारी शाखेतून फोन येतो आणि “तात्पुरते” म्हणून सगळे पोर्ट उघडले जातात. हे तात्पुरते कधी संपते, ते ज्यांनी शाखा पाहिली आहे त्यांना विचारा. ठरावीक मॉडेलच्या उपकरणांनाच परवानगी आणि बाकीच्यांना मनाई, ही यादी बनवायला कंटाळवाणी आहे, पण टिकते तीच.

एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. राइट फिल्टर लावलेला डबा तर रोज संध्याकाळी आपल्या नोंदी पुसतो. त्या त्याच क्षणी मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवण्याचे धोरण नसेल, तर चौकशीच्या दिवशी दाखवायला काहीच नसते.

म्हणून संचालकांना विनंती एवढीच. पुढची निविदा काढताना डब्याच्या किमतीबरोबर तीन प्रश्न लेखी विचारा: पॅच कोण आणि कोणत्या रात्री लावणार, सेटिंग कोणत्या वाहिनीने येणार, आणि नोंदी कुठे साठणार. विक्रेत्याकडे यांची उत्तरे नसतील तर ती निविदा उघडूच नका.