पाहुणा मल्ल आणि आपले दार

२०२५ च्या नोव्हेंबरात २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादेस मिळाले, आणि २०३६ च्या ऑलिंपिकवरही भारताने आपला हक्क सांगितला आहे. याबद्दल देशात आनंद व्यक्त झाला तो योग्यच होय. परंतु यजमानपद हा जसा मान आहे तसे ते बंधनही आहे. आणि त्या बंधनाचा सर्वांत अवघड भाग क्रीडागारांच्या बांधकामात नसून पाहुण्याच्या व्हिसात आहे. तो पाहुणा शेजारच्या व वैर धरून बसलेल्या राष्ट्राचा असेल तर काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. या प्रश्नाची खरी कसोटी क्रिकेटवर नव्हे, तर कुस्तीसारख्या हौशी खेळावर लागावयाची आहे.

सरकारने या प्रश्नाचे उत्तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिले. पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, ना तेथे ना येथे. मात्र अनेक राष्ट्रांच्या स्पर्धांत आपले खेळाडू पाकिस्तानी खेळाडूंशी खेळतील आणि अशी स्पर्धा भारतात भरल्यास त्यांना येऊ दिले जाईल, असे ते धोरण आहे. अनेकांस हे अर्धवट वाटले. एक पक्ष म्हणतो, वैर आहे तर सर्वत्र असावे; दुसरा म्हणतो, खेळ पवित्र आहे तर सर्वत्र खेळावे. आमच्या मते सरकारचे धोरण बरोबर आहे. परंतु ते का बरोबर आहे हे जनतेस नीट उमगले नाही, तर पुढच्या पहिल्याच प्रक्षोभात ते वाहून जाईल.

प्रक्षोभ निराधार नसतो, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली; त्यांत सहा जण महाराष्ट्रातील होते. ज्या घरांतील कर्ता माणूस गेला, त्या घरांस ‘खेळात राजकारण आणू नका’ असा उपदेश करण्याचा अधिकार कोणाही क्रीडाप्रेमीस नाही. कुस्तीच्या एका लढतीने दोन राष्ट्रांत सख्य होते, असे भाबडे विधानही आम्ही करणार नाही. पाकिस्तानी संघास आपल्या घरी मालिकेसाठी बोलवावे की नाही, हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे. न बोलावण्यात कोणताही वचनभंग नाही.

आशियाई किंवा जागतिक स्पर्धेची गोष्ट निराळी. तेथे घर आपले असले तरी कार्य सर्वांचे असते. यजमान हा त्या कार्याचा धनी नसून विश्वस्त असतो. आणि विश्वस्ताने आपल्या खासगी वैराचा हिशेब विश्वस्तनिधीतून चुकता करावयाचा नसतो.

हा भेद विसरल्यास काय होते ते २०१९ साली दिसले. १४ फेब्रुवारीस पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीत नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा होती. पाकिस्तानच्या दोन नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. त्याबरोबर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतात पुढील स्पर्धा भरविण्याविषयीची सर्व बोलणी थांबविली. जागतिक कुस्ती संघटनेनेही आपल्या सदस्य-संघटनांस भारतीय कुस्ती महासंघाशी व्यवहार थांबविण्यास सांगितले, आणि त्या वर्षीची भारतात व्हावयाची कनिष्ठ गटाची आशियाई कुस्ती स्पर्धा थायलंडला गेली. अखेर जूनमध्ये सरकारने लेखी हमी दिली तेव्हा कोंडी फुटली. या साऱ्यात पाकिस्तानचे काय गेले? दोन नेमबाजांची एक संधी. आणि आपले? घरच्या प्रेक्षकांसमोर लढण्याची आपल्या उमेदीच्या मुलांची संधी गेली. शिक्षा कोणास करावयास निघालो आणि ती कोणास झाली, याचा विचार त्या दिवसांत फारसा कोणी केला नाही.

पुढच्याच वर्षी, २०२० च्या फेब्रुवारीत, दिल्लीत आशियाई कुस्ती स्पर्धा भरली. या वेळी पाकिस्तानच्या मल्लांना व्हिसा देण्यात आला. ज्या क्रीडागृहास कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव दिले आहे, तेथेच ते येऊन लढले. त्यामुळे कोणाचा मानभंग झाला? भारताने त्या स्पर्धेत पाच सुवर्णांसह वीस पदके मिळविली, आणि बीड जिल्ह्याच्या राहुल आवारेने त्यांत एका कांस्यपदकाची भर घातली.

आपल्याला हा न्याय जड वाटत असेल, तर तो उलटून पाहावा. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी अरुणाचल प्रदेशच्या तीन वुशू-खेळाडू मुलींना चीनने आडकाठी केली. सरकारने निषेध नोंदविला आणि क्रीडामंत्र्यांनी आपला दौरा रद्द केला. तो निषेध सर्वथैव योग्य होता. परंतु यजमानाने राजकीय कारणावरून खेळाडूस दार बंद करू नये, हे तत्त्व पूर्वेकडील शेजाऱ्यास ऐकवावयाचे असेल, तर पश्चिमेकडील शेजाऱ्याच्या बाबतीत ते आपणही पाळले पाहिजे.

पाळले म्हणजे आपलेच नुकसान होते, असेही नाही. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा मुंबईवरील हल्ल्यास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तरी पाकिस्तानचा संघ आला. आणि ८४ किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत त्यांच्या महंमद इनामने आपल्या अनुज कुमारला आपल्याच राजधानीत हरविले. बारा वर्षांनी, २०२२ साली, बर्मिंगहॅमला ८६ किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत त्याच इनामला दीपक पुनियाने ३-० असे नमविले. पराभवाची परतफेड करण्याची हीच एक रीत आहे, आणि त्यासाठी प्रतिस्पर्धी गादीवर उभा असावा लागतो. व्हिसा नाकारून कोणी चितपट होत नाही.

क्रिकेटचे उदाहरण येथे उपयोगी नाही. त्या खेळामागे प्रक्षेपणाचा अफाट पैसा आहे. २०२५ च्या आशिया चषकात दुबईस भारत-पाकिस्तान सामने झाले आणि हस्तांदोलन मात्र टाळले गेले. म्हणजे उत्पन्न ठेवले व शिष्टाचार सोडला. कुस्तीगिराजवळ सोडण्यासारखे काही नसते. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबांनी वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवले, तेव्हा कोठे ते कांस्यपदक या देशास लाभले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे मल्ल आजही बहुधा अशाच साध्या घरांतून येतात. वर्षानुवर्षे खुराक आणि मेहनत करून मिळविलेली एक संधी एका शिक्क्याअभावी जावी, यात राष्ट्राचा पराक्रम कोणता?

आणि हस्तांदोलनाविषयी म्हणाल तर आखाड्याचा धर्म आपल्याला परक्यांनी शिकवावा असा नाही. शाहू महाराजांच्या काळापासून पंजाबचे मल्ल कोल्हापूरच्या मातीत उतरत आले. तेथे सलामी झडल्यावाचून कुस्ती लागत नसे, आणि सलामी दिली म्हणून कोणी डाव सैल सोडीत नसे. प्रतिस्पर्ध्यास मान देणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, ही समजूत मैदानाची नव्हे, प्रेक्षकांच्या मागच्या रांगेची आहे.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, भारतात भरणाऱ्या प्रत्येक बहुराष्ट्रीय स्पर्धेपूर्वी प्रवेशाची लेखी हमी पुरेशी आधी द्यावी. घटना घडून गेल्यावर लोकक्षोभाच्या छायेत तो निर्णय घेण्याची वेळ येऊ देऊ नये. दुसरी, सलामी आणि हस्तांदोलन यांचा प्रश्न कोणा एका खेळाडूच्या खांद्यावर टाकू नये. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे वागावे असे स्पष्ट सांगावे, म्हणजे त्या मुलास देशद्रोही ठरविण्याची सोय कोणास उरणार नाही. तिसरी, कुस्तीच्या कारभाराकडे लक्ष द्यावे. वेळेवर निवडणुका न झाल्यामुळे २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने आपल्या महासंघास निलंबित केले, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याविना उतरावे लागले. ती नामुष्की कोणा शेजाऱ्याने आणली नव्हती.

वैर मिटविणे मल्लांच्या हाती नाही, आणि ते त्यांच्यावर लादूही नये. सीमेवरचे काम सैन्याने करावे, वाटाघाटींचे काम परराष्ट्र खात्याने करावे. मल्लास मात्र वजन करून, सलामी देऊन, समोरच्याशी लढू द्यावे. पाहुण्याला दार उघडावे आणि मग गादीवर त्याला हरवावे. तसे करण्याचे सामर्थ्य आपल्या मल्लांच्या अंगी आहे. दार उघडे ठेवण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवावे.