'पाणी कमी आहे' म्हटल्यावर बाटली नंतर, आधी बाळाचे ठोके

नगर जिल्ह्याला 'पाणी कमी आहे' हे वाक्य नवे नाही. विहिरीबद्दल, बोअरबद्दल, धरणाबद्दल ते दर उन्हाळ्यात कानावर येते. पण सोनोग्राफी केंद्राबाहेर बाकावर बसलेल्या कुटुंबाला हेच तीन शब्द ऐकवले, की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, 'भरपूर पाणी पी.' नवरा मोबाइलवर शोधू लागतो. एखादा नातेवाईक फोनवरून निकाल देतो, 'सिझर करून टाका, रिस्क नको.'

या गडबडीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. गर्भाशयातले पाणी कमी झाले, तर ते बाहेरून भरता येते का?

उत्तर आहे, हो. प्रसूतीच्या कळा सुरू असताना, ठराविक परिस्थितीत भरता येते. या उपचाराला 'ॲम्निओइन्फ्युजन' म्हणतात. त्यासाठी लागते एक बारीक नळी आणि साधी सलाईनची बाटली. ऐकायला इतके सोपे की पुढचा प्रश्न लगेच येतो : मग हे प्रत्येक सरकारी दवाखान्यात का होत नाही?

माझे मत स्पष्ट आहे. बाटली ही अडचण नाही. बाळाचे ठोके वेळच्या वेळी ऐकणारे कान कमी पडतात, ही अडचण आहे. ते कान नसतील तर पाणी कोणाला भरायचे आणि कोणाला नाही, हे कळणारच नाही.

हे पाणी करते काय?

बाळ ज्या पाण्यात असते त्याला गर्भजल म्हणतात. साधारण ३४व्या आठवड्यात ते सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर असते. दिवस भरत येतात तसे ते कमी होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होते. त्यामुळे वारेकडून बाळाला रक्तपुरवठा कमी पडू लागला, की बाळ लघवी कमी करते आणि पाणी घटते. पाण्याची पिशवी फुटली किंवा झिरपू लागली, तरीही पाणी घटते. दिवस उलटून गेल्यावरही घटते. काही वेदनाशामक आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेसुद्धा असे होऊ शकते.

कळा सुरू झाल्या की या पाण्याचे काम आणखी महत्त्वाचे ठरते. शेतातल्या ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडाला पाणी जात नाही. नाळेचेही तसेच आहे. पुरेसे पाणी असेल तर नाळ तरंगत राहते. पाणी कमी असेल तर प्रत्येक कळेला ती बाळाचे अंग आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये दाबली जाऊ शकते. नाळ दाबली की बाळाचे ठोके घसरतात, कळ ओसरली की परत वर येतात. एखाद-दुसऱ्या वेळी असे झाले तर बाळ ते सोसते. पुन्हा पुन्हा झाले तर त्याला ऑक्सिजन कमी पडू लागतो.

रिपोर्टमधला आकडा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'एएफआय' असे लिहिलेले असते. पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातली पाण्याची सर्वांत खोल जागा मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. बेरीज ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आली, की पाणी कमी समजतात. दुसरी पद्धत म्हणजे सगळ्यांत खोल अशा एकाच जागेची मोजणी. ती २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी कमी.

या दोन पद्धतींत फरक आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २००८च्या आढाव्यात दिसले, की एएफआयने मोजल्यास 'पाणी कमी' असे निदान जास्त महिलांचे होते. कळा आणण्याचे आणि सिझरचे प्रमाण वाढते, पण बाळांना त्याचा वेगळा फायदा झालेला दिसत नाही. जर्मनीतल्या १,०५२ महिलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्षही याच बाजूचा होता. म्हणून आता एकाच खोल जागेच्या मोजणीवर भर दिला जातो.

याचा अर्थ रिपोर्टकडे दुर्लक्ष करा असा नाही. पाणी खरेच कमी असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, आईचा रक्तदाब वाढलेला असेल किंवा दिवस भरलेले असतील, तर लवकर प्रसूती करणे हाच योग्य निर्णय असू शकतो. मात्र 'पाणी कमी' म्हणजे 'सिझरच' असे समीकरण नाही. अनेकदा कळा आणून, ठोक्यांवर नीट लक्ष ठेवून नॉर्मल प्रसूती होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या सिझरचे प्रमाण २०.१ टक्के होते, पाचव्या फेरीत ते २५.४ टक्के झाले. यातली बरीच ऑपरेशने जीव वाचवणारी असतात. पण एका आकड्याच्या धास्तीने होणारे ऑपरेशन टाळता येते का, हे विचारायला हरकत नसावी.

आणि सासूबाईंचा सल्ला? तो अगदीच चुकीचा नाही. आईने दोन लिटर पाणी प्यायल्यानंतर पुन्हा सोनोग्राफी केली तर गर्भजलाचा आकडा काहीसा वाढलेला दिसतो, असे कॉक्रेनच्याच २००२च्या आढाव्यात आहे. पण पिशवी झिरपत असेल किंवा वारेचा रक्तपुरवठाच कमी असेल, तर केवळ पाणी पिऊन भागत नाही.

पाणी भरतात म्हणजे नेमके काय करतात?

इथे एक गैरसमज दूर करू. हाताच्या शिरेतून लावलेली सलाईन वेगळी आणि हा उपचार वेगळा. शिरेतली सलाईन आईच्या रक्तात जाते. ॲम्निओइन्फ्युजनमध्ये पाणी थेट गर्भाशयात, बाळाच्या भोवती जाते.

पिशवी फुटलेली असते, गर्भाशयाचे तोंड काही प्रमाणात उघडलेले असते. तिथून एक मऊ, निर्जंतुक नळी आत सरकवतात. सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट हे द्रावण साधारण २५० ते ६०० मिलिलिटर, अर्धा ते एक तासात हळूहळू सोडतात. पुढे गरजेनुसार धीम्या गतीने चालू ठेवतात. हेतू एकच : नाळेवरचा दाब कमी व्हावा.

अमेरिकेतल्या डॉक्टर मियाझाकी आणि नेवारेझ यांनी १९८५ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. नाळ दाबली जाऊन ठोके वारंवार घसरत असलेल्या महिलांत पाणी भरल्यावर जवळपास निम्म्या जणींच्या बाळांचे ठोके सुधारले. पाणी न भरलेल्या गटात असे अगदी थोड्यांत झाले. पुढे २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात अशा १९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. बहुतेक चाचण्या लहान होत्या, तरी ठोक्यांची घसरण आणि सिझर दोन्ही कमी झाल्याचे त्यात दिसले.

पण हा निरुपद्रवी घरगुती उपाय नव्हे. आत गेलेले पाणी बाहेर येत नसेल तर गर्भाशय प्रमाणाबाहेर ताणले जाते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. नाळ खाली सरकू शकते. वार खाली असेल, आत आधीच संसर्ग असेल किंवा बाळ अतिशय अडचणीत असेल, तर वेळ न घालवता ऑपरेशनच करावे लागते. म्हणून जिथे सिझरची सोय हाताशी आहे, तिथेच हा उपचार करावा.

हरारेत उपयोग झाला, मोठ्या चाचणीत नाही

'बाळाने पोटात शी केली' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ती घट्ट शी श्वासाबरोबर बाळाच्या फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पाणी भरून ती पातळ करता येईल का, या प्रश्नावर दोन चाचण्यांनी दोन उत्तरे दिली.

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात ६६१ महिलांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. फुप्फुसात शी जाऊन होणारा आजार पाणी न भरलेल्या गटात १२.८ टक्के बाळांना झाला, भरलेल्या गटात ३.१ टक्के. मोठाच फरक. पण २००५ मध्ये १३ देशांतल्या ५६ केंद्रांतील १,९९८ महिलांची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा असा कोणताही फायदा दिसला नाही.

असे का? हरारेच्या त्या रुग्णालयात बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रे वापरात नव्हती. दुसऱ्या चाचणीतल्या केंद्रांत देखरेख चांगली होती. पुढचा कॉक्रेन आढावाही हेच सांगतो : देखरेख कमी असेल तिथे पाणी भरल्याचा फायदा दिसतो, देखरेख चांगली असेल तिथे फारसा दिसत नाही.

यातून दोन धडे निघू शकतात. एक : आपल्याकडे देखरेख कमी आहे, म्हणून सर्रास पाणी भरा. दुसरा : देखरेखच सुधारा. मला दुसरा पटतो. बाटलीने एक धोका कमी होईल. ठोके ऐकल्याने नाळ दाबली जाणे, वार सुटणे, प्रसूती अडणे असे अनेक धोके वेळेत कळतील.

१४ तालुके आणि लांबचे रस्ते

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा, १४ तालुके. अकोल्याहून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवरून निघाले तर त्याहून लांब. एका टोकाला लोणीत वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, तर दुसऱ्या टोकाच्या पाथर्डी-जामखेड पट्ट्यात ऊसतोडीला गेलेली गरोदर बाई तपासणीच्या तारखेला गावात असेलच असे नाही.

त्यामुळे कळा सुरू झालेल्या बाईचे बाळ अडचणीत आहे, हे पहिल्यांदा कळायला हवे ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हातात धरायचे डॉपलर काही हजार रुपयांत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सोपा आहे : कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाई जोर लावू लागल्यावर दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे. किमान एक मिनिट, आणि कळ ओसरल्यानंतरही. ११० ते १६० हा ठोक्यांचा नेहमीचा वेग.

यावर सिस्टर म्हणतील, 'रात्रपाळीला मी एकटी, बाया तीन, आणि वर रजिस्टरं भरायची.' हे म्हणणे खोटे नाही. दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे तर त्या वेळी एका बाईजवळ एक माणूस लागतोच. म्हणूनच हा सिस्टरच्या कामचुकारपणाचा नव्हे, मनुष्यबळाचा प्रश्न आहे. प्रसूतिकक्षाचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. त्याचे यश फरशी आणि रंगावर नको मोजायला. रात्री दोन वाजता केसपेपरवर ठोक्यांची नोंद आहे का, यावर मोजायला हवे.

माणसे तयार करता येतात, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. फारशी शाळा न शिकलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. जोखमीची गरोदर बाई ओळखणे, सुरक्षित बाळंतपण करणे आणि वेळेत पुढे पाठवणे त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी हे जमले, तिथे आज ठोके मोजणारी माणसे उभी करणे अशक्य कसे म्हणायचे?

जिल्ह्यात काय व्हावे?

पहिले, प्रत्येक प्रसूतिकक्षात चालू स्थितीतले डॉपलर आणि रात्रपाळीला दुसरी सिस्टर. दुसरे, ठोके घसरत असतील तर आईला कुशीवर वळवणे आणि कळांचे औषध चालू असल्यास थांबवणे हे आधी, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन त्याच मिनिटाला. तिसरे, जिथे चोवीस तास सिझर होते अशा रुग्णालयांत ॲम्निओइन्फ्युजन कधी करायचे, कधी नाही, याची लेखी पद्धत. चौथे, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एएफआयसोबत सर्वांत खोल जागेचा आकडाही.

घरच्यांनी काय विचारावे?

रिपोर्ट हातात आला की घाबरण्याआधी विचारा : सर्वांत खोल जागा किती सेंटिमीटर आहे? बाळाची वाढ आणि रक्तपुरवठा कसा आहे? पिशवी झिरपते आहे का? पुन्हा तपासणी कधी?

कळा सुरू झाल्यावर विचारा : ठोके किती आहेत, शेवटचे कधी ऐकले? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, फक्त आवाज न चढवता विचारा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, गरज पडल्यास सिझर, औषधे आणि दुसऱ्या रुग्णालयात नेण्याची गाडी मोफत आहे. अंगावरून पाणी जाऊ लागले, हिरवट पाणी दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

गर्भाशयात पाणी भरण्याचा उपचार चांगला आहे आणि योग्य जागी तो व्हायलाच हवा. पण तो सुरू होतो कोणीतरी बाळाचे ठोके ऐकून 'काहीतरी बिघडलंय' असे म्हटल्यानंतर. जिल्ह्यातल्या प्रत्येक कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी आधी तो माणूस उभा करा. सलाईनची बाटली तर कपाटात आहेच.