डी बार्न्सला वगळून ‘द क्रॉनिक’ ऐकायचा कसा?

एखाद्या कलावंताने बायकांवर हात उचलल्याचं उघड झालं की ठरलेला प्रश्न येतो: आता त्याची कला ऐकायची की नाही? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. त्यात ऐकणारीच्या सोवळ्याचीच काळजी जास्त. जिने मार खाल्ला तिचं पुढे काय झालं, हे त्यात येतच नाही. डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ हा रॅपचा गाजलेला आल्बम अलीकडे पुन्हा सबंध ऐकला आणि हे फार खटकलं.

हे संगीत न ऐकणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. आंद्रे यंग ऊर्फ डॉ. ड्रे हा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा. ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटातून बाहेर पडून त्याने डिसेंबर १९९२ मध्ये हा आल्बम काढला. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर, रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांना ज्युरीने जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं आणि लॉस एंजेलिस पेटलं. त्या दिवसांतल्या लोकांचे संतप्त आवाज यातल्या एका गाण्यात प्रत्यक्ष ऐकू येतात. संगीत मात्र आरडाओरड्याचं नाही. संथ, जड बेस, त्यावर सिंथेसायझरची शिट्टीसारखी बारीक धून, जुन्या फंक संगीतातले तुकडे, त्यातले बरेच वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले. मान डोलते. खोटं कशाला बोलू?

पण गोम त्या डोलण्यातच आहे. आल्बमभर बायकांना शिवीनेच हाक मारलेली आहे. शेवटच्या गाण्याचं नाव सुरुवातीच्या प्रतींच्या वेष्टनावर छापलेलंही नव्हतं. मीही इथे देत नाही. बायका कवडीमोलाच्या, एवढाच त्याचा आशय. कर्कश वाद्यांवर हे आलं असतं तर आपण दचकलो असतो. इथे ते इतक्या ऐटीत, आरामात येतं की कान हरकत घ्यायला विसरतात. ‘संगीत थोर, शब्द तेवढे वाईट’ अशी फाळणी म्हणूनच मला पटत नाही. शब्द गळी उतरवायचं काम संगीतच करतं.

आता डी बार्न्स. ती स्वतः रॅप करणारी आणि ‘पंप इट अप’ या दूरदर्शन कार्यक्रमाची निवेदिका. एन.डब्ल्यू.ए.च्या मुलाखतीला जोडून, गट सोडून गेलेल्या आइस क्यूबने त्यांची केलेली टिंगल या कार्यक्रमात दाखवली गेली. गटाचा अपमान झाला. जानेवारी १९९१ मध्ये हॉलिवुडमधल्या एका समारंभात ड्रेने राग काढला तो तिच्यावर, आइस क्यूबवर नव्हे. न्यायालयात त्याने आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा झाली ती सुमारे २,५०० डॉलर दंड, २४० तास समाजसेवा आणि दोन वर्षांची देखरेख. आल्बम बाजारात आला तेव्हा त्या देखरेखीची मुदत संपलेलीही नव्हती.

वर्षभरात तीस लाख प्रती खपल्या. बार्न्सला मात्र या क्षेत्रातलं काम मिळेनासं झालं, असं तिने सांगितलं आहे. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा एन.डब्ल्यू.ए.वरचा चित्रपट २०१५ मध्ये आला, त्यात ही मारहाण नव्हतीच. दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे. त्या वादग्रस्त भागाच्या वेळी कॅमेऱ्यामागे तोच होता, असं बार्न्सने तेव्हाच्या आपल्या लेखात लिहिलं. मिशेले आणि टॅरी बी या गायिकांनीही ड्रेने आपल्याला मारल्याचं सांगितलेलं आहे. बोभाटा झाल्यावर त्याने वृत्तपत्रातून, दुखावलेल्या बायकांची मोघम माफी मागितली. नाव एकीचंही नाही. २०१९ मध्ये आपल्याला राहायला घर नाही, हे बार्न्सला जाहीरपणे सांगावं लागलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ‘द क्रॉनिक’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत स्थान दिलं. २०२३ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी ड्रेच्या नावाने पुरस्कारच सुरू केला.

म्हणून बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. १९९० मध्ये फ्लोरिडात ‘टू लाइव्ह क्रू’ या गटावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, तेव्हा किम्बर्ली क्रेन्शॉ या काळ्या स्त्रीवादी विदुषीने दोन्ही बाजूंना बजावलं होतं: बायकांच्या अब्रूच्या नावाने काळ्या पुरुषांना कोर्टात खेचू नका, आणि वंशभेदाची ढाल पुढे करून बायकांचा अपमान खपवू नका. त्यात काळी बाई दोन्हीकडून भरडली जाते. बार्न्स तशीच भरडली गेली. मारणाऱ्याच्या जगाने तिला बाहेर काढलं आणि बाहेरच्या जगाला तिची दखल घ्यायला पंचवीस वर्षं लागली.

नोंदवहीत आल्बम राहू दे. पण त्याची महती सांगणाऱ्या प्रत्येक लेखात, माहितीपटात बार्न्सचं नाव यायला हवं, तळटीपेत नव्हे, मजकुरात. आणि आल्बममध्येच गाणाऱ्या बायकांचंही. त्या जहरी शेवटच्या गाण्याच्या अखेरीस आवाज आहे तो ज्युएलचा. लेडी ऑफ रेज तर काही ठिकाणी सगळ्या पुरुषांना मागे टाकते. तिच्या खणखणीत कडव्यांसाठी मी तबकडी थांबवून मागे नेली. स्नूपचा पहिला आल्बम १९९३ मध्येच निघाला. रेजचा निघायला १९९७ उजाडलं.