शेंदरी बोंडअळीचे घड्याळ आणि आपली फरदड

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रयात्रेच्या सुमारास दिवस व रात्र जवळजवळ समसमान होतात आणि तेथून पुढे रात्र वाढत जाते. शेतकऱ्यास हा बदल थंडीच्या पहिल्या झुळकेबरोबर जाणवतो. कपाशीच्या बोंडातील शेंदरी अळीस मात्र तो थंडीपूर्वीच कळलेला असतो. फरदडीच्या प्रश्नात ह्या गोष्टीचा आपण पुरेसा विचार केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हंगामाच्या प्रारंभीची अळी पूर्ण वाढली की बोंडास छिद्र पाडून बाहेर पडते, मातीत किंवा पालापाचोळ्यात कोषात जाते व थोड्याच दिवसांत तिचा पतंग होतो. दिवस लहान झाल्यानंतर वाढलेल्या अळ्यांपैकी पुष्कळ अळ्या असे करीत नाहीत. त्या दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोकळीत जाळे विणतात व खाणे सोडून निजून राहतात. हीच त्यांची सुप्तावस्था. ती कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ टिकते.

अळीस ऋतू कळतो कसा, याचा शोध ह्याच किडीवरील प्रयोगांतून पुढे गेला. टेक्सास येथे पेरी ॲडकिसन यांना १९६०च्या दशकात असे आढळले की, दिवस सुमारे तेरा तासांहून लहान झाला म्हणजे अळ्या सुप्तावस्थेत जाऊ लागतात. परंतु लांब रात्रीच्या ठराविक वेळी थोडा वेळ उजेड केला, तर त्यांतील पुष्कळ अळ्या सुप्तावस्थेत जात नाहीत. तोच उजेड अन्य वेळी केल्यास तितका परिणाम होत नाही. अळीच्या शरीरात सुमारे चोवीस तासांची लय चालू असते व त्या लयीतील नाजूक प्रहरी उजेड आहे की अंधार, यावरून तिला ऋतू उमगतो, असे यावरून मानले जाते. (वनस्पतींविषयी असा विचार जर्मन शास्त्रज्ञ एर्विन ब्यूनिंग यांनी १९३६ सालीच मांडला होता.) रात्र लांब असल्याची खूण पटली की कोषात जाण्यास लागणारी संप्रेरके शरीरात स्रवत नाहीत.

टेक्सासचा तेरा तासांचा आकडा आपण जसाच्या तसा घेऊ नये. अंबडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास व सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. केवळ त्या आकड्याने चालावयाचे तर आपल्याकडील अळीने ऐन श्रावणातच निजावयास हवे. दिवसाच्या लांबीबरोबर रात्रीचा गारवा आणि अन्न यांचाही प्रभाव पडतो. पक्व बोंडातील तेलयुक्त सरकी खाणारी अळी सुप्तावस्थेकडे अधिक झुकते. लहान दिवस, गार रात्री व पक्व सरकी ह्या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र मिळतात, ते ठिकाण म्हणजे डिसेंबरनंतर राखलेली फरदड होय. आपण तीस पाणी देतो ते दोन वेचण्यांच्या आशेने. पुढील वर्षाचे बियाणे त्यात अळीचे तयार होते.

२०१७ साली महाराष्ट्रात बीटी कपाशीवरही ह्या अळीने जो कहर केला, तो आपल्या भागातील शेतकरी विसरलेले नाहीत. बीटीतील विषास अळी प्रतिकारक्षम झाली हे त्याचे मोठे कारण खरे. तथापि लांबलेल्या हंगामाने तिच्या पिढ्या वाढविल्या, हेही तितकेच खरे आहे.

घड्याळ जाणून घेण्याचा दुसरा लाभ पेरणीच्या वेळी आहे. उन्हाळा सरता सरता उष्णता व ओल मिळाली की निजलेल्या अळ्या कोषात जाऊन पतंग बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचे. शेतात पाते-फुले नसली तर त्यांतील पुष्कळ पतंगांचा वंश तेथेच खुंटतो. परंतु गोदाकाठच्या वा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेली कपाशी नेमकी त्यांच्या स्वागतास पात्यांवर येते.

आता शेतकऱ्याची बाजू. फरदड हा हट्ट नव्हे. उभ्या पिकाचे चार पैसे कर्जदारास सोडवत नाहीत. पऱ्हाट्या जाळा, असे आम्ही सांगतो. परंतु त्याच पऱ्हाट्यांवर घरातील चूल पेटते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. गेल्या एप्रिलात एका वस्तीवर गंजीतील वाळकी बोंडे फोडून पाहिली, तेव्हा जोडसरक्यांत अळ्या जिवंत होत्या. घरातील वृद्ध मातोश्रींनी विचारले, “हे पौषातच का दाखविले नाही, साहेब?” त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. गंजी घालण्यापूर्वी किडकी बोंडे तोडून जाळली व शेतात मेंढ्या-शेळ्या चारून उरलीसुरली बोंडे खाऊ घातली, तर सरपणही राहते आणि अळीही पुष्कळ कमी होते.

अमेरिकेने २०१८ साली आपल्या कपाशीतून ही कीड नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्यामागे बीटी कपाशी व नपुंसक पतंगांबरोबर ठरल्या तारखेस पऱ्हाट्या गाडण्याचे बंधनही होते. तेथील शेते मोठी. आपल्याकडे एकट्याने कपाशी उपटून भागत नाही, शेजारच्या फरदडीतील पतंग उडून येतात. म्हणून तारीख गावाने मिळून ठरवावी, आणि त्या तारखेस शेतकऱ्याच्या हाती दुसरे पीक देण्याची जबाबदारी शासकीय खात्यांनी घ्यावी. डिसेंबरअखेर रिकाम्या झालेल्या बागायती रानात जानेवारीच्या उत्तरार्धात उन्हाळी भुईमूग पेरता येतो. त्यासाठी कालव्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक नवरात्रापूर्वी गावोगाव लागले पाहिजे. डिसेंबरात पाणी येईल एवढीच खात्री असली व पुढील पाळ्यांची नसली, तर ते पाणी उभ्या कपाशीलाच जाणार.