ऑर्डर घेतेस का?

लेडीज डब्यात खाऊचा डबा उघडला की त्याला पाय फुटतात. तो तुमच्या हातातून सुटतो, खिडकीशी जातो, समोरच्या सीटवरून फिरून दारात लटकणाऱ्यांपर्यंत पोचतो आणि ठाणं यायच्या आत रिकामा होऊन तुमच्या मांडीवर परत येतो. कोणी घेतलं, किती घेतलं, हे विचारायचं नसतं. सेंट्रल रेल्वेचा अलिखित कायदा आहे तो. आमच्या डोंबिवली फास्टच्या ग्रुपमध्ये कुणाचा ढोकळा, कुणाच्या आळूवड्या, कुणाच्या सासूबाईंचे बेसनलाडू. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हा डबा आठवड्यातून दोन-तीनदाच मिळतो, त्यामुळे आपणही काहीतरी न्यायला हवं म्हणून मी ओव्हन तापवायला लागले. चॉकलेट, अक्रोड आणि काजू घातलेल्या कुकीज.

रेसिपी देतेच, नाहीतर ईमेल येतील. 100 ग्रॅम बटर, 80 ग्रॅम ब्राउन शुगर आणि 50 ग्रॅम पिठीसाखर फेसून घ्यायची. त्यात दोन चमचे दूध. मग 150 ग्रॅम मैदा, 15 ग्रॅम कोको पावडर, अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घालायचं. शेवटी 100 ग्रॅम डार्क चॉकलेटचे जाडसर तुकडे आणि 60 ग्रॅम भाजलेले अक्रोड-काजू. अंडं नाही, कारण आमच्या ग्रुपमध्ये सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरली तर बिनउपासाचा वार शोधावा लागतो. (उपासवाल्या मैद्यालाही हात लावत नाहीत, पण टिश्यूत गुंडाळून घरी नेतात. पोरांसाठी, म्हणे.) 170 डिग्रीला बारा मिनिटं. साधारण 24 कुकीज होतात.

एवढं सगळं बरोबर करूनही माझा पहिला घाणा फसला. सगळ्या कुकीज पसरून एकमेकींत मिसळल्या आणि ट्रेभर एकच थालीपीठ झालं. एप्रिल महिना, डोंबिवलीतलं स्वयंपाकघर, बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच निम्मं वितळलेलं! तेव्हापासून पिठाचे गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय ट्रे आत सरकवत नाही. आणि अजून एक. बाहेर काढल्यावर त्या मऊ लागतात, तशाच राहू द्यायच्या. गार होता होता कडक होतात. ‘कच्च्या वाटतात’ म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवल्या की दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा मस्ट, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यांचा केक होतो.

तसं बघायला गेलं तर आपल्याकडे हा प्रकार नवा नाहीच. कल्याणला आजीकडे दिवाळीच्या आधी नानखटाई व्हायची, पण घरी नाही, बेकरीत. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलची, सगळं पिशवीत भरून घरून न्यायचं. बेकरीवाला फक्त मजुरी घ्यायचा, किलोवर. बायका नंबर लावून बाकड्यावर बसायच्या, तिथेच भाजणीपासून भाडेकरूपर्यंत सगळे विषय व्हायचे. आपल्या पत्र्यावर आपली खूण म्हणून आजी नावाची चिठ्ठी द्यायची. मग गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी. मांडी भाजायची, पण डबा खाली ठेवायचा नाही! घरी आलं की आधी ताटल्या भरायच्या, शेजारी, वरच्या मजल्यावर, समोरच्या बिऱ्हाडात. त्या ताटल्या कधीच रिकाम्या परत यायच्या नाहीत. काही नाही तर चमचाभर साखर असायची.

तर, माझा डबा ग्रुपमध्ये हिट झाला. सॉलिड हिट. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी तो प्रश्न विचारला, जो आजकाल घरी बरा केक करणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारतात. ‘ऑर्डर घेतेस का गं?’

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. दोन ठिकाणचं मानधन अडकलेलं होतं, त्यात महिन्याला चार पैसे सुटले तर कुणाला नको? मी ठाण्याला उतरून जांभळी नाक्याच्या बाजारातून चॉकलेटची लादी आणि अक्रोड आणले, वहीत हिशोब मांडला. कच्चा माल धरून एक कुकी पडत होती 11 रुपयांना. वीज, बॉक्स आणि माझा वेळ धरून रेट ठरवला 20 रुपये. ग्रुपवर मेसेज टाकला, खाली दोन स्माइली. अर्ध्या तासात तीन ऑर्डरी!

पुढच्या सोमवारी नेहमीसारखा डबा उघडला. बॉक्स नाही, ऑर्डर नाही, आपला साधा स्टीलचा डबा. तो फिरला, पण हळूहळू. एरवी दोन-दोन उचलणाऱ्यांनी एकेकच घेतली. दारातल्या मुलींनी ‘नको, नाश्ता झालाय’ सांगितलं. दिवा गेलं नाही तोच माझा फोन वाजला. 40 रुपये जमा. पाठवणारी माझ्याच शेजारच्या सीटवर बसलेली, बँकेत नोकरी करणारी मावशी. मी म्हटलं, ‘अहो मावशी, हे काय?’ तर म्हणाली, ‘अगं, मी दोन घेतल्या. आता तुझा धंदा आहे, फुकट कसं खायचं?’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर मला काही उत्तरच सुचेना.

समोर मालवणकडची ताई बसली होती. डब्यातले काजू तिने दिलेले. दर मे महिन्यात ती गावाहून काजूगर आणते आणि एक पिशवी माझ्या हातात कोंबते. ती हसत म्हणाली, ‘गो, त्या वीस रुपयांत माझे काजू धरलंस की नाय?’ सगळ्या खळखळून हसल्या. मीही. पण वहीत मी ते काजू खरंच धरले होते, बाजारभावाने. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, मी खिडकीबाहेर बघत बसले.

चॉकलेट चिप कुकीची जन्मकथा तुम्ही ऐकली असेल. 1930च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ‘टोल हाउस इन’ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड या बाईंनी पहिल्यांदा चॉकलेटचे तुकडे घालून त्या केल्या. सुकामेवा त्यांच्या मूळ रेसिपीतही होताच. नंतर त्यांनी ही रेसिपी वापरायचा हक्क नेस्लेला दिला, तो एका डॉलरला, असं सांगतात. वर आयुष्यभराचं चॉकलेट फुकट. पूर्वी हे वाचलं की मला वाटायचं, बाई फसल्या. हल्ली वाटतं, त्या बाईंना घरचे पाहुणे नि गिऱ्हाईक यांच्यातली भानगड माझ्यापेक्षा चांगली कळत असणार, कारण त्यांचं तर हॉटेलच होतं. वाढायचं तेच मुळी बिल लावून.

मी ऑर्डरी बंद केल्या असं नाही. ठाण्याच्या एका ऑफिसातल्या मुली घेतात, ओळखीच्या नाहीत, छान चाललंय. ग्रुपमधल्या तीन ऑर्डरी मात्र पूर्ण केल्या आणि मेसेज पुसून टाकला. मावशीचे 40 रुपये परत पाठवले तर तिला राग येईल, म्हणून तिच्यासाठी मोगऱ्याचे दोन गजरे घेतले. तिने एक स्वतः माळला, एक मला दिला. फिट्टंफाट झाली की नाही, कोण जाणे.

गेल्या सोमवारी परत स्टीलचा डबा नेला. फिरून आला तेव्हा तळाशी दोन कुकीज उरल्या होत्या. कधी उरत नाहीत. झाकण लावणार इतक्यात ठाण्याला उतरायला उठलेल्या मालवणच्या ताईने गर्दीतून हात घातला, दोन्ही उचलल्या आणि रुमालात बांधल्या.

‘काजू संपले असतील ना तुझे?’ दाराकडे सरकता सरकता ती ओरडली. ‘बुधवारी आणते!’