‘पुरे’ म्हणता आलेला उद्योजक

व्यापारात माल पडून राहण्याचे दुःख वेगळे आणि विकताना पदरचे घालावे लागण्याचे दुःख वेगळे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात १९७४ साली एड रॉबर्ट्‌स या उद्योजकाच्या वाट्याला हे दुसरे दुःख आले होते. १९६९ साली स्थापन झालेली त्यांची ‘मिट्स’ कंपनी घरी जुळवावयाच्या गणकयंत्रांचे संच विकत असे. मोठ्या कंपन्यांनी भाव इतके पाडले की तयार गणकयंत्रच मिट्सच्या सुट्या भागांहून स्वस्त पडू लागले. कर्ज सुमारे ३ लाख डॉलरवर गेले.

१९४१ साली मायामी येथे जन्मलेल्या रॉबर्ट्‌स यांना खरे तर डॉक्टर व्हावयाचे होते. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या एका शल्यचिकित्सकाने त्यांना आधी अभियांत्रिकी शिकण्याचा सल्ला दिला. पुढे संसार, हवाई दलातील नोकरी आणि उद्योग यांत ती इच्छा मागे पडली.

कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. संगणक ही त्या काळी संस्था आणि मोठ्या कंपन्यांची मिरास होती; तो सामान्य माणसाच्या टेबलावर आणावयाचा. इंटेलच्या ८०८० या चिपची किंमत ३६० डॉलर होती. रॉबर्ट्‌स यांनी घाऊक खरेदीची बोली करून ती ७५ डॉलरला मिळवली. सारे गणित या एका सौद्यावर उभे राहिले. बँकेने आणखी ६५ हजार डॉलर दिले आणि ‘अल्टेअर ८८००’ आकारास आला.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर तो झळकला. न्यूयॉर्कला पाठवलेला पहिला नमुना वाटेतच गहाळ झाल्याने छायाचित्र मात्र रिकाम्या पेटीचे होते! ३९७ डॉलरच्या या संचाला ना पडदा होता, ना कळफलक; स्मृती अवघी २५६ बाइट. तरीही मागणीचा पूर आला. ऑगस्टपर्यंत ५ हजारांहून अधिक यंत्रे रवाना झाली. याच यंत्रासाठी ‘बेसिक’ भाषा लिहून देण्यास बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन हे दोन तरुण पुढे आले आणि त्यातून मायक्रोसॉफ्टचा जन्म झाला.

यशानेही आपले कर वसूल केले. माल वेळेवर पोहोचेना, मेमरी बोर्डांच्या तक्रारी वाढल्या, स्पर्धक उभे राहिले. १९७७ साली रॉबर्ट्‌स यांनी कंपनी पर्टेक या कंपनीस सुमारे ६० लाख डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात विकली. ‘बेसिक’च्या हक्कांवरून गेट्स-अ‍ॅलन यांच्याशी झालेला वाद लवादापर्यंत गेला आणि निकाल त्या तरुणांच्या बाजूने लागला.

रॉबर्ट्‌स जॉर्जियात जाऊन शेती करू लागले. तेथे मर्सर विद्यापीठाचे नवे वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच १९८२ साली त्याच्या पहिल्या तुकडीत त्यांनी प्रवेश घेतला. चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन १९८६ साली ते डॉक्टर झाले आणि १९८८ पासून कॉक्रन या लहानशा गावी रुग्ण तपासू लागले. संगणकाच्या धंद्यात इतरांची संपत्ती डोंगराएवढी होत असताना त्यांची ओळख ‘गावचे डॉक्टर’ एवढीच राहिली.

२०१० साली ते न्यूमोनियाने अंथरुणास खिळले, तेव्हा बिल गेट्स त्यांना भेटावयास रुग्णालयात आले. जुना वाद तेथे उरला नव्हता. १ एप्रिल रोजी रॉबर्ट्‌स यांचे निधन झाले.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाणाचे स्थान मोठे आहे. ते कमावू नका असे सांगत नाही. कोठे थांबावयाचे ते आधी ठरवा, असे सांगते. रॉबर्ट्‌स यांनी हे व्रत घेतले नव्हते. त्याचे नावही त्यांच्या कानी पडले नसेल. पण पेढी विकल्यानंतर उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तारुण्यापासून तयार होते. पुष्कळ श्रीमंतांपाशी ते नसते.